शेवंतीकाकींची जॅकेटं

“उभ्या धाग्यात कापायचं की आडव्या, एवढंच सांगा मला.”

नंदकुमार गुरवनं तिसऱ्यांदा विचारलं.

धाकू मेस्त्री पडवीत खुर्चीवर बसले होते. नजर समोरच्या रस्त्यावर. साखरप्याच्या बाजारातून निघालेला हा रस्ता पुढे आंबा घाटाला लागतो. एक ट्रक वर गेला. पाठोपाठ एक मोटारसायकल गेली...



नंदूला राग आला, पण त्यानं तो गिळला. माणसाला असं ताटकळत ठेवायची मेस्त्रींची खोड त्याला ठाऊक होती. तीस वर्षांपूर्वी याच घराला लागून असलेल्या शेडमध्ये तो सहा वर्षं काम शिकला होता. तेव्हाही काही विचारलं की मेस्त्री आधी हातातली बिडी संपवत, आणि मग वाटलं तर बोलत.

आता बिडी नव्हती. शेडला कुलूप होतं. मेस्त्री ऐंशीला टेकले होते आणि बोलता बोलता मध्येच थांबून श्वास गोळा करत होते.

नंदूचं मात्र चांगलं चाललं होतं. कोल्हापुरात त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं, हाताखाली चौदा माणसं होती. जुन्या मोटारी मूळ रूपात उभ्या करून देण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. हौशी मालक पुण्याहून, बेळगावहून गाड्या घेऊन त्याच्याकडे यायचे. फोटो पेपरात छापून आले होते. हे सगळं त्यानं आल्या आल्या मेस्त्रींना सांगून टाकलं होतं. मेस्त्रींनी फक्त मान हलवली होती.

येत्या रविवारी अकरा जुन्या गाड्या एका रांगेत आंबा घाट चढणार होत्या. अकराही नंदूच्या हातच्या. मालकांच्या जेवणात त्यानं छाती ठोकून सांगितलं होतं, की एकही गाडी घाटात थांबली तर आपण हातात पाना धरणार नाही.

आणि आज सकाळी, खात्री करून घ्यावी म्हणून त्यानं एक गाडी घाटातून खाली आणून परत वर चढवली, तर दुसऱ्या मोठ्या वळणावरच ती धापा टाकायला लागली आणि बंद पडली.

दुखणं जुनंच होतं. त्या काळच्या इंजिनांत पेट्रोल आणि हवा आत नेणारा नळा, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, धुराच्या नळ्याच्या अगदी बोकांडी बसवलेला असायचा. चढावर खालचा धुराचा नळा लाल व्हायचा, वरचा त्याच्या झळीनं तापायचा. आत जाणारं पेट्रोल वाटेतच उकळायचं आणि इंजिनाचा घास अडायचा. मग ओलं फडकं टाकून तासभर वळणावर बसून राहायचं.

नंदूनं सगळे उपाय केले होते. परदेशी पट्टी आणून धुराच्या नळ्याला गुंडाळली, तर दोन गाड्यांचे नळे तडकले. चंदेरी कागद चिकटवला, तो जळून गेला. पत्रा नळ्याला घट्ट आवळून बसवला. दहा मिनिटांत पत्राच नळ्याइतका तापला.

मग महिन्याभरापूर्वी त्याला मेस्त्रींचं जॅकेट आठवलं.

त्या काळी रत्नागिरी ते कोल्हापूर सगळ्या टॅक्सीवाल्यांना ते माहीत होतं. पांढऱ्या जाड कापडाचे तीन थर, गोधडीसारखे एकमेकांवर टाचलेले, धुराच्या नळ्याभोवती तारेनं बांधायचे. ते बांधलं की गाडी घाटाला दाद द्यायची नाही. कापड अ‍ॅस्बेस्टॉसचं. शिवायच्या मेस्त्रींच्या बायको, शेवंतीकाकी. पडवीत, जिथं आत्ता मेस्त्री बसले होते तिथंच त्यांचं पायमशीन असायचं.

“कापड कुठं मिळालं तुला?” मेस्त्रींनी अचानक विचारलं.

नंदू खुलला. एका बंद पडलेल्या गिरणीच्या बॉयलरखोलीत चार ताके सापडले होते. कोरे करकरीत. असलं कापड आता शोधून मिळत नाही, असं तो म्हणाला.

“आणि शिवतंय कोण?”

“घरातच. वैशाली शिवते, माझी बायको.”

मेस्त्रींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

“कधीपासून?”

“झाले पंधरा दिवस. आठ जॅकेटं झाली. पण नळा वळतो तिथं कापड फाटतं, आज घाटातही फाटलं, म्हणून तर काकींची पद्धत विचारायला आलो.” नंदू थांबला आणि मग त्याच्यानं राहवलं नाही. “तसा वैशालीचा हात काकींपेक्षा साफ आहे. राग मानू नका.”

मेस्त्रींची नजर समोर उभ्या गाडीकडे गेली.

नंदूला वाटलं, म्हाताऱ्याला कापडाची खात्री पटलेली नाही. तो उठला, खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभ्या केलेल्या आपल्या गाडीकडे गेला, डिकीतून एक ताका काढून आणला. दोन टोकं हातात धरून त्यानं तो अंगणभर पसरेल असा झटकला. एकदा. दोनदा. घडीतली पांढरी धूळ उन्हात वर उडाली आणि सावकाश खाली यायला लागली.

“बघा. लोकरीसारखं आहे.”

तेवढ्यात खुर्ची करकरली.

तासाभरात जागचे न हललेले मेस्त्री उठले होते. तोंडाला धोतराचा सोगा लावून ते पडवीच्या पायऱ्या उतरले. न्हाणीजवळ पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. दोन्ही हातांनी ती उचलून, वाकलेले, ते खळ्यात आले...

आणि सगळी बादली त्यांनी त्या कापडावर आणि नंदूवर ओतली.

नंदूच्या पँटीवरून, नव्या बुटांवरून पाणी ओघळलं. इस्त्रीचा शर्ट छातीला चिकटला. रस्त्यावरून जाणारी एक बाई थबकून बघायला लागली.

“मेस्त्री, हे काय चालवलंय?”

मेस्त्रींना दम लागला होता. ते बादलीवर हात टेकून उभे राहिले. मग त्यांनी चिंब झालेलं कापड अलगद, घडीही न करता गोळा केलं, खताच्या रिकाम्या पिशवीत कोंबलं आणि तोंड सुतळीनं आवळून टाकलं.

“कपडे उतरव.”

“काय?”

“कपडे उतरव आणि न्हाणीत ये.”

नंदूला तिथून निघून जाता आलं असतं. गाडीची किल्ली खिशात होती. चौदा माणसं त्याला शेठ म्हणत होती, आणि इथं मेस्त्री त्याला खळ्यात उभं करून कपडे काढायला सांगत होते. पण त्या आवाजाला नाही म्हणायची सवय त्याच्या अंगाला कधी लागलीच नव्हती. त्यानं शर्ट काढला. बूट काढले. पोट सुटलेला, गळ्यात सोन्याची साखळी असलेला नंदकुमार गुरव चड्डीवर न्हाणीतल्या दगडावर जाऊन बसला.

मेस्त्रींनी तांब्या बुडवला. पहिला त्याच्या डोक्यावर. मग खांद्यावर. मग परत डोक्यावर. बोटांनी ते त्याच्या केसांतून धूळ काढत होते, मान खाली दाबून धरत होते.

चौथ्या तांब्याला म्हणाले, “काकी गेली तेव्हा आला नाहीस. आता घे आंघोळ.”

नंदूचं तोंड पाण्यानं भरलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वी निरोप आला तेव्हा एका मालकाची गाडी लग्नाच्या वरातीसाठी तयार करून द्यायची होती. बाराव्याला जाऊ, असं त्यानं ठरवलं. मग बारावंही राहून गेलं. क्षयानं गेल्या असं कोणीतरी सांगितलं, तेव्हा वाईट वाटलं होतं. पुढे कामाच्या गडबडीत तेही मागे पडलं.

मेस्त्रींनी त्याचा शर्ट पाण्यातून काढून दांडीवर टाकला आणि त्याला नेसायला आपला एक जुना पंचा दिला. दोघं पडवीत आले. नंदू यावेळी खाली, जमिनीवर बसला.

बराच वेळ मेस्त्री श्वास गोळा करत राहिले...

मग सांगायला लागले. सलग नाही, तुकड्यातुकड्यानं.

शेवंतीकाकींना आधी नुसता खोकला होता. मग जिना चढताना दम. मग ताटावरून उठताना दम. मेस्त्री त्यांना शहरात मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं छातीचा फोटो खिडकीतल्या उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, या काम काय करतात?

“मी सांगितलं, काय नाय. घरीच असते.”

मेस्त्री थांबले.

“ती बाजूलाच बसली होती. माझ्याकडे बघितलंन तिनं. बोलली नाय काही.”

मग दीड वर्ष क्षयाच्या गोळ्या. वाडीतल्या लोकांनी तिचा कप वेगळा केला. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. शेजारची सून कडेवरचं मूल घेऊन लांबूनच बोलायची. गोळ्यांनी लघवी लाल झाली, भूक मेली, पण खोकला होता तिथंच राहिला.

शेवटी एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिनं मेस्त्रींना बाहेर बसायला सांगितलं आणि काकींनाच विचारलं, तुम्ही काय काम करता?

“दार उघडं होतं. मला ऐकू आलं.” मेस्त्री म्हणाले. “शेवंती म्हणाली, मी गाड्यांची जॅकेटं शिवते. अकरा वर्षं शिवली.”

डॉक्टरणीनं कापड कोणतं ते विचारलं, आणि ऐकल्यावर हातातलं पेन खाली ठेवलं. त्या कापडाचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत, ते श्वासाबरोबर आत जातात आणि आतच राहतात. वीस वर्षांनी, तीस वर्षांनी वर येतात. त्यावर गोळी नाही. डॉक्टरणीनं सगळं नीट समजावून सांगितलं. काकींनी विचारलं, मग माझा कप वेगळा ठेवायची गरज नव्हती ना? ती म्हणाली, नव्हती.

नंदू जमिनीकडे बघत होता.

त्याला पडवीतली दुपार आठवली. मशीन थांबवून काकी उठायच्या, पायऱ्यांवर उभ्या राहून कापड झटकायच्या, तेव्हा त्यांचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या व्हायच्या. तो विशीचा होता. ‘काकी म्हाताऱ्या झाल्या’ असं म्हणत तो त्यांना चिडवायचा. त्या हसायच्या आणि पदरानं तोंड पुसून त्याच पदराच्या टोकात धरून त्याला गरम भाकरी द्यायच्या.

तो उठला. ओल्या पँटीच्या खिशातून फोन काढून त्यानं पंच्याला पुसला. नशिबानं चालू होता.

वैशालीनं फोन उचलला, तेव्हा मागून मशीनचा आवाज येत होता.

“बंद कर ते,” नंदू म्हणाला.

तिला नीट ऐकू आलं नाही. ती उत्साहात होती. नववं होत आलंय म्हणाली, वळणावर दुहेरी पट्टी लावून बघितली तर फाटत नाही, आता मेस्त्रींना विचारायची गरज नाही.

“वैशाली, मशीन बंद कर. कापड झटकू नको. झाडू मारू नको. त्याच्यावर पाणी टाक, खोलीला कडी घाल आणि आंघोळ कर.”

आवाज थांबला.

“अहो, झालं काय?”

“आल्यावर सांगतो.”

“पण रविवार...”

“आल्यावर सांगतो म्हटलं ना.”

ती बरं म्हणाली. पण लगेच तिला खोकला आला, साधाच, घशात काही अडकल्यासारखा. फोन ठेवल्यावरही नंदू तो कानाशी धरून उभा राहिला.

“पंधरा दिवसांनी काय होतं, मेस्त्री?”

मेस्त्रींनी खांदे उडवले.

“थोडं गेलं असेल तर काही नाही होत ना? पंधराच दिवस...”

“मला काय ठाऊक? मी गाड्यांचा मेस्त्री.” त्यांनी श्वास घेतला. “डॉक्टरकडे ने. आणि काम काय करते ते तिचं तिला सांगू दे.”

नंदू पुन्हा बसला. ऊन खळ्यातून पडवीच्या पहिल्या पायरीपर्यंत आलं होतं. खताची पिशवी तशीच न्हाणीच्या भिंतीला टेकून पडली होती. ती कुठं न्यायची, हेही त्याला कळत नव्हतं. एक ताका घरी वैशालीकडे होता, वर्कशॉपमध्ये आणखी दोन होते. एक फोडून दोघा कारागिरांनी परवा हातांनी फाडला होता. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो तेवढ्यापुरता बाजूला सारला.

मग त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण मनात दुसरा विचार आला तो रविवारचा होता.

अकरा गाड्या. मालकांच्या समोर बोललेला शब्द. दुसरं मोठं वळण.



शेवटी न राहवून नंदूनं विचारलंच. आवाज खाली आला होता, मघाचा तोरा त्यात उरला नव्हता.

“जॅकेट नको. पण मग... वरचा नळा गार ठेवायचा कसा?”

मेस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं. या प्रश्नाचा त्यांना राग आला नाही. उलट चेहऱ्यावर काहीतरी सैल झाल्यासारखं दिसलं. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं जोडून आडवी धरली.

“एवढी जागा सोड.”

“कुठं?”

“दोन्ही नळ्यांच्या मध्ये साधा पत्रा. पण टेकवायचा नाय. धुराच्या नळ्यापासून दोन बोटं लांब धर, आधाराला नळीचे तुकडे घालून. पुढून वारा शिरेल, मागून जाईल. झळ पत्र्यावर बसते, वारा ती घेऊन जातो. वरच्या नळ्याला कळतसुद्धा नाय.”

नंदूच्या डोळ्यांपुढे इंजिन उभं राहिलं. त्यानं पत्रा लावून पाहिला होता, पण नळ्याला आवळून. सगळी चूक आवळण्यात होती. जागा सोडली तर... पंख्याचा वारा सरळ आत येतो. मागे फट आहेच. तासाभरात एका गाडीला बसेल. शनिवारपर्यंत अकराही होतील. कापड नको, शिवण नको, काही नको.

“जॅकेटाइतकं काम देतं?”

“तेवढंच. वर्षानं जॅकेट तेलानं भिजतं, पत्रा नाय भिजत. म्हणजे त्याहून बरं म्हण.”

“घाट चढते?”

“मी स्वतः चढवलीय. एका टॅक्सीला लावून, मे महिन्यात, पाच माणसं बसवून. थांबली नाय.”

हे ऐकून नंदूला हायसं वाटलं. उठावं, मेस्त्रींच्या पाया पडावं आणि निघावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं ओला शर्ट दांडीवरून काढला, पिळला आणि अंगात चढवायला लागला. एक हात बाहीत गेला, तेव्हा कुठं त्याला तो प्रश्न सुचला.

तो तसाच थांबला.

“मेस्त्री, हे तुम्हाला कधी कळलं?”

मेस्त्री पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले होते.

“काय?”

“पत्र्यानं काम होतं हे.”

“पहिल्याच वर्षी.”

घाटाकडून एक एसटी आली, बाजाराकडे गेली...

नंदूनं शर्टातला हात काढून घेतला. काकींनी अकरा वर्षं शिवलं, हे त्यानं मनात एकदा म्हणून पाहिलं. मोठ्यानं म्हणायची हिंमत झाली नाही. पण विचारल्याशिवाय त्याला तिथून हलताही येईना.

“मग काकींना शिवायला का लावलंत?”

मेस्त्रींनी डोळे मिटले. छाती दोनदा वर झाली, दोनदा खाली गेली. नंदूला वाटलं, नेहमीसारखं आताही उत्तर येणार नाही.

“टॅक्सीवाल्यांना खडखड नको होती. पत्रा वाजायचा,” मेस्त्री म्हणाले.